डिंकाची चव

चौदा वर्षं मी फोंड्याच्या बाजारात
सोसायटीची पिग्मी गोळा करते.
कोण रोज वीस टाकतं, कोण सोमवार चुकवतं,
कुणाचं बुक लेकीच्या लग्नात रिकामं झालं,
मला त्यांच्या बायकांआधी कळतं.
शेवटची पावती रोज माझ्याच नावाची. पन्नास.
घरात तेल संपलेलं असलं तरी पन्नास.

बांगडे घ्यायचे ते बाजार मोडताना.
माटोळीचं सामान रानात हिंडून आपणच तोडायचं.
प्रेमानंदला खाणीवरून घरी बसवलं
तेव्हा हाती आलेल्या रकमेला
आम्ही दोघांनीही हात लावला नाही,
एकमेकांवर पाळत ठेवून.
असे अकरा लाख.
बँक तेवीस देईन म्हणाली.
चौतिसाला आमची शिडी संपते.

बोरीला इनासचं घर. तीन खोल्या, पडवी, विहीर.
अडतीस म्हणत होता.
मी मुद्दाम वैशाखात गेले, भर दुपारी,
विहिरीत खडा टाकला आणि पाणी लागेपर्यंत मोजलं.
वाशांवर रुपयाचं नाणं आपटत फिरले,
आवाज बसका आला तिथे थांबले,
त्याला दिसेल इतका वेळ.
फुटकी कौलं मोजली. चौऱ्याण्णव.
एक-चौदाचा उतारा दारातल्या उजेडात धरून वाचला.
वायरिंगवर मात्र बोलता आलं नाही.
हा माणूस मोटारी वाइंड करतो,
त्याच्या भिंतीवर एक वायर लोंबत नव्हती.

"एकतीस," मी म्हटलं.
तो हसला. "हांव घर विकतां, बाय, चिरे न्हय."
सदतीस.
बत्तीस.
छत्तीस.
प्रेमानंदने ठरल्याप्रमाणे उठून एक चप्पल घातली.
ठरल्याप्रमाणे मी त्याला बस म्हटलं नाही.

आता खरं सांगते.
इनासच्या भावाने ट्रॉलरसाठी कर्ज काढलं,
ट्रॉलर गेला, भाऊ गेला कुवेतला,
जामीन राहिला इथे, बोरीला.
आमच्या सोसायटीची नोटीस गेल्या सोमवारी निघाली:
एकतीस लाख ऐंशी हजार, तीस तारखेच्या आत.
शिपाई रजेवर होता.
पाकीट मी बंद केलं,
डिंकावरून जीभ फिरवून.

म्हणजे मला काही बोलायचंच नव्हतं.
बत्तीसवर नुसतं बसून राहायचं,
पंखा बघत, कोकमाचं सरबत घोट घोट पीत.
तारीख माझ्या बाजूने घासाघीस करत होती.
सरबत गोड होतं,
तोंडात चव मात्र दुसरीच.

इनास नोटिशीचं नाव काढत नव्हता.
तो उठला, मागच्या दारी गेला,
बटण दाबून म्हणाला, पंप ऐक.
मीच वाइंड केलाय. असाच ठेवून जाईन,
त्याचे वेगळे नकोत.
पंप चालू आहे हे
पाणी पडायला लागल्यावरच कळलं.
त्याने त्यावर हात ठेवला होता,
ताप बघावा तसा.

"चौतीस," मी म्हटलं.

प्रेमानंद एका चपलेत उभा,
माझ्याकडे बघत राहिला.
इनास "जाता" म्हणाला, जरा घाईनेच,
मग दुसऱ्यांदा, सावकाश.

बोरीच्या पुलावर स्कूटर हळू करून
प्रेमानंदने विचारलं, तेहतिसाला आला असता ना?
आला असता, मी म्हटलं.
मग?
पंपाचे, मी म्हटलं.
पुढे तो बोलला नाही.
त्या रात्री जेवलाही कमीच.

मंगळवारी इनासच्या दुकानासमोरून जाताना
त्याने हाक मारली. तीन महिन्यांनी वीस रुपये दिले.
तांब्याच्या तारेत बोटं घालूनच म्हणाला,
तुमची पाकिटं नीट चिकटत नाहीत, बाय,
एक कोपरा उघडाच होता.
मी त्याच्या वीसची पावती लिहिली.
आकडा दोनदा गिरवला गेला.

दोन लाख म्हणजे रोजचे पन्नास,
चार हजार दिवस.
संध्याकाळी बुकातली शेवटची पावती
माझ्या नावाची फाडली.
एक झाला.