काळ्यावर पाच, पांढऱ्यावर पाच

काळ्या पाटीपुढे पाच सेकंद,
पांढऱ्या पाटीपुढे पाच.
कुपी हलकेच फिरवायची, उलटी करायची,
बुडबुडा उठू द्यायचा नाही.
रबाळ्याच्या या कारखान्यात अकरा वर्षं
माझं काम एवढंच: काही दिसतंय का ते पाहणं,
आणि शक्यतो काहीच न दिसणं.

काचेचा कण, रबराचा चुरा, कपड्याचा तंतू.
डोळ्याच्या आत टोचायचं औषध आहे,
तिथे कुसळ हेच मुसळ.

वीस मिनिटांनी डोळे मिटून बसायचं, तसा नियमच आहे.
मी मिटते.
पापणीमागेही कुप्या फिरत राहतात.

या खेपेच्या ट्रेवर नाव नाही, नुसते आकडे.
काहींत नवा रेणू,
काहींत त्याच्यासारखं दिसणारं, पण काहीच नसलेलं.
कुठल्यात काय, मला माहीत नाही,
टोचणाऱ्या डॉक्टरलाही नाही.
याला आंधळी चाचणी म्हणतात, ओगले मॅडमनी सांगितलं,
आणि सांगून झाल्यावर खिडकीबाहेर बघत राहिल्या.
बाबांचे कागद त्यांनीच पुढे पाठवले होते.
पडद्याच्या मधोमध व्रण. जुना.
निकषात बसत नाहीत.
दोन वर्षं आधी आणायला हवं होतं, असं तिथून कळवलं.
दोन वर्षं आधी हा रेणू
सशांच्या डोळ्यांत होता.

बाबांनी घणसोलीच्या खाडीत जाळी टाकली, खाडीत मासे होते तोवर.
जाळ्याच्या एका घराला ते आस म्हणतात.
एक आस तुटला की शेजारचे चार सुटतात, म्हणायचे,
आणि अंधारात, नुसत्या बोटांनी, तो शोधून काढायचे.

डॉक्टरनी चौकटीचा कागद दिला, फ्रिजवर लावायला.
एक डोळा झाका, मधल्या ठिपक्याकडे बघा,
रेघा वाकतात का सांगा.
बाबा हसले.
"ह्ये तं जालंच हाय. मधी फाटलंय."

रात्री भांडी आवरून झाली की मीही एक डोळा झाकते.
रेघा सरळ.
मग दुसरा.

मला बघायचं असलं की बाबा आता
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात.
समोर धरली तर मी नसते,
कडेला थोडी उरते.

आज अकराशे कुप्या.
एकीत तंतू सापडला, निळसर, पापणीच्या केसाएवढा.
लाल ट्रेमध्ये ठेवली, आकडा लिहिला, सही केली.
तिच्यात काही होतं की नव्हतं
हे मला कधीच कळणार नाही.
कंपनीच्या बसमधून उतरून घरी येते तोवर
पायरीवर चपला वाजलेल्या त्यांनी ओळखलेल्या असतात.

"आज काय बगलंस गो?"

"काईच नाय, बाबा."

"मंग बरां झालां,"
ते घड्याळाला सांगतात.