चार नंबर

पुंडलिक घाडी ट्रक घेऊन आला तेव्हा
जामसंड्याच्या सड्यावर दव अजून सुकलं नव्हतं.
करवंदीच्या जाळीवर, गॅरेजच्या पत्र्यावर,
रात्री बाहेर विसरलेल्या माझ्या पान्यांवर.
कपाळावर दिर्बादेवीचं नाव,
आणि मागे पांढरा धूर,
कुणी ओली सोडणं चुलीत घालावीत तसा.

"थंडी बाधली तिका," तो म्हणाला.
"सकाळी थरथरता. गरम झाली काय बरी चलता.
परवापासून आंबो भरूचो आसा. काय ता बघ."

मी बघितलं नाही. आधी ऐकलं.
लांब पेचकसाचं टोक इंजिनाला,
मूठ कानामागच्या हाडाला.
अब्बास मिस्त्री म्हणायचे, डोळे मीट,
नाहीतर तेच बोलत बसतात.

धड धड धड धड धड
आणि मग
अंधारात जिना उतरताना
पाय हवेत पडतो, तसं काहीतरी.
पुन्हा पाच. पुन्हा ती नसलेली पायरी.

सतराचा पाना.
एक नंबरचा नट अर्धा फेरा सैल केला.
डिझेल मनगटावर थुंकलं, इंजिन अडखळलं.
म्हणजे हा कामावर आहे. आवळला.
दोन. अडखळलं.
तीन. बंदच पडायला आलं.
चार.

काहीच झालं नाही.
थरथरत होतं तसंच थरथरत राहिलं,
कुणी उठून गेल्याचं त्याला कळलंच नाही.

"हाच," मी म्हटलं.
"ज्याला काढून फरक पडत नाही, तोच आजारी."

पुंडलिक हसला. "आमच्या घरात आसा तसो एक. धाकटो."
मग हसणं तोंडावरच राहिलं
आणि तो रस्त्याकडे बघायला लागला.
पाच आणि सहा तपासायचे अजून बाकी होते,
तरी मी पान्याचा आवाज थोडा वेळ केला नाही.

पाच ठीक. सहा ठीक.
चारचं नोझल दोनमध्ये, दोनचं चारमध्ये.
आता चार चालू, दोन मुका.
म्हणजे खोड सिलिंडरची नव्हती,
त्याच्यापर्यंत नीट काही पोचतच नव्हतं.
नोझल उघडलं. सुई जागच्या जागी अडकलेली,
गंज, कुंकवाच्या बोटाइतका.

फिल्टरखाली क्वार्टरची रिकामी बाटली धरली.
वर डिझेल, खाली पाणी,
मध्ये सरळ रेघ.

"पाणी खयसून? मी ताडपत्री घातलेलय मां!"
वरून घातली होतीस, पुंडलिक.
गेल्या मेपासून मांगराकडेला उभी,
टाकी अर्धी. उरलेली अर्धी हवा.
दिवसा पत्रा तापतो, रात्री सडा गार पडतो,
टाकी आतल्या आत घामेजते.
थेंब थेंब. कुणी ओतलं नाही.

नोझल कणकवलीहून साडेतीनच्या एस्टीनं आलं,
कंडक्टरच्या सीटखाली, वर्तमानपत्रात.
बसवलं. लगेच सुरू झाली, झक्क.
तो निघायला लागला, मी चावी काढून घेतली.
गरम इंजिनाचं खरं मानू नये.
उद्या पहाटे विचारू.

रात्री तो केबिनमध्ये झोपला.
मला पडवीतून त्याचा फोन ऐकू येत होता,
एकाच बाजूचा:
"क्रेटी उचलूक माणूस कमी आसा. येतस काय?"
मग बराच वेळ रातकिडे.
काय उत्तर आलं, मी विचारलं नाही.

पहाटे साडेपाचला हात गारठलेले.
पहिल्या चावीला थोडा पांढरा,
मग स्वच्छ.
सहा मोजले. डोळे मिटून परत सहा.

जाताना बजावलं, उभी करशील तेव्हा टाकी भरून ठेव.
"व्हय, व्हय," म्हणाला,
आणि पैसे मोजताना शेवटच्या दोन नोटा
अंगठ्याखाली जरा जास्त वेळ धरल्या.

बाटली अजून फळीवर आहे.
येणारे विचारतात, ही कसली दारू?
मी ती हलवून दाखवतो.
सगळं गढूळ होतं.
थोडं थांबलं की रेघ पुन्हा तिथेच.