फॉर्मवर चौकोन नाही

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
इथे तर उतरायच्या आहेत. सतरा.
रेकॉर्ड रूम तळघरात,
गरम पाण्याचा पाइप माझ्या खिडकीच्या डोक्यावरून जातो,
म्हणून जानेवारीत लोक माझ्याशी
कामापेक्षा जरा जास्तच बोलत राहतात.

काय काय लागतं, विचारतात.
केस नंबर.
तो नसेल तर दोघांची नावं, बाईचं लग्नाआधीचं,
आणि साल. अंदाजे चालेल,
पण "त्या वर्षी बर्फ फार पडला होता" हे साल नव्हे;
सुपीरियरच्या काठी तो दर वर्षीच पडतो.
पानाला पंचवीस सेंट.
शिक्का हवा तर पाच डॉलर वेगळे. उठावाचा शिक्का,
अंधारात बोटाला कळतो.

आर्वो लेहटिनेन मंगळवारी आला.
लोहखनिजाच्या धक्क्यावर हयात गेलेली,
निवृत्त होऊनही नखांत तांबडी धूळ.
अर्ज भरता भरता एका रकान्यापाशी अडला.
वादी की प्रतिवादी? मी विचारलं.
म्हणाला, नाही, मी तो...
ज्याच्यावरून चालली होती.
त्याला फॉर्मवर चौकोन नाही.
"इतर"वर खूण करा, म्हटलं.
केली. पेन बाहीला पुसून परत ठेवलं.

फाइल सापडायला दोन दिवस गेले.
एकाहत्तर सालच्या टायपिस्ट बाईने आडनावातला ह खाल्ला होता.
लेटिनेन.
एवढ्याशा अक्षराच्या आड
पन्नास वर्षं एक घर मोडून पडलेलं,
कुणाला दिसलं नाही.

तो उभ्यानेच वाचू लागला, ओठ हलवत.
शेवरोले: पतीस.
शिवणयंत्र, दोन्ही गालिचे: पत्नीस.
तळ्याकाठची सौना सामाईक,
शनिवार आलटून पालटून वापरावी.
इथे तो हसला.
म्हणजे मलाही सौनाच्याच वाटेने घातलं, म्हणाला.
एक शनिवार इकडे, एक तिकडे,
आणि दोन्हीकडे पोचायच्या आत भट्टी विझलेली.

अठरा पानं झाली.
एकोणिसाव्याच्या जागी पाकीट, चिकटवलेलं:
न्यायाधीशांच्या दालनात मुलाशी झालेलं बोलणं.
अल्पवयीनाच्या हितासाठी बंद.

तो अल्पवयीन मीच, तो म्हणाला.
ठाऊक आहे, मी म्हटलं.
मला एकसष्टावं लागलंय.
तेही दिसतंय.
काय बोललो होतो, खरंच आठवत नाही हो मला.
सात वर्षांचं पोर. कुणाचं नाव घेतलं,
की नाहीच घेतलं कुणाचं.
आई जन्मभर म्हणायची, तूच निवडलंस.
बापूसही तेच म्हणायचा.
दोघंही रागाने.

मी नियम सांगितला. हाताखालून गेलेलाच.
अर्ज दुसऱ्या मजल्यावर,
दोन्ही पक्षांना नोटीस जाईल...
आणि थांबले, कारण दोन्ही पक्ष
टेकडीमागच्या एकाच दफनभूमीत होते,
एक उत्तरेच्या कुंपणाला, एक दक्षिणेच्या.

जाड आहे का, एवढं तरी सांगाल?
जाडीबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही.
मी पाकीट उचललं, काचेशी धरलं, जरा कललं ते हातात,
आणि आत काहीतरी घरंगळलं.
कागद नव्हे. लहानसं, कडक.
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.

आम्ही दोघांनी ऐकलं.
त्याने जीभ वरच्या दातांवरून फिरवली, सावकाश,
मग काही न बोलता
काउंटरवर साडेचार डॉलर ठेवले. अठरा पानांचे.
शिक्का नको म्हणाला.

वर जायला लिफ्ट आहे, मी सांगितलं.
तो जिन्याने गेला.
पहिल्या मजल्यावर बाहेरचं दार आहे, जुनं, करकरतं;
कोण निघून गेलं आणि कोण आणखी वर चढलं
मला बसल्या जागी कळतं.
मी कान दिला.
करकरलं.
पण त्या दिवशी तळ्यावरून वारा सुटला होता,
दार सकाळपासून करकरतच होतं.