खालचा कप्पा

दिवसभर मी दुसऱ्यांच्या रक्ताचे आकडे लिहिते.
आठ पॉइंट दोन. सात पॉइंट नऊ.
दंडावरची रबरी नळी सोडता सोडता
तेच ते वाक्य: पालेभाजी खा, बाई, फळं खा.
बायका मान हलवतात.
मान हलवायला काही लागत नाही.

रविवारी गंजगोलाईत शिरले
की सोळा रस्त्यांच्या सोळा तोंडांशी
काहीतरी हिरवं.
मेथी दहाला दोन, म्हणून चार.
शेपू, कारण तो ओला दिसला.
मोसंबी एक किलो मागितली होती,
"दोन न्या, जालन्याची हाय," म्हणाला, म्हणून दोन.
पिशवीचे बंद बोटांत रुतले
की वाटायचं, या आठवड्यापासून
आमचं घर सुधारणार.

मग फ्रिजचा खालचा कप्पा.
सोमवारी तिथं मेथी हिरवी असायची,
बुधवारी निवडायची राहिलेली,
शुक्रवारी प्लॅस्टिकला आतून घाम.
मी वरची अंडी काढून दार हळूच लावायचे,
आजाऱ्याला जाग येऊ नये तसं.

शनिवारी काळी पिशवी. दोन गाठी.
घंटागाडीवरच्या पदमीनबाईनं ती हातात तोलली
आणि गाठ न सोडताच म्हणाली,
"ताई, तुमच्याकडं दर शनवारी मेथी मरायलीय."

मी हसले. ती हसली नाही.
रागावलीही नाही.
मी रिपोर्ट वाचते तशी ती गल्ली वाचत होती.
"कोपऱ्यावरच्या सरांकडं भात.
वरल्या मजल्यावर निस्त्या चपात्या.
तुमच्याकडं माळवं.
एकडाव घरी नेलती मी, शेळीला टाकली.
हुंगून मागं सरली शेळी."

ते शेळीचं मागं सरणं
दिवसभर माझ्या टेबलाशी उभं होतं,
सुई, कापूस, नाव सांगा, वय सांगा,
आणि शेळी.
ज्या गावात नळाची वाट
आठ-आठ दिवस बघतात
तिथं मी दर शनिवारी कुणाच्या तरी विहिरीचं पाणी
जुड्या बांधून फेकत होते.

फार काही केलं नाही मी.
त्याच रात्री पेपर पसरून मेथी निवडायला बसले,
तर पोरगं म्हणालं, "कोण येणारंय?"
शेपूच्या काड्या वरणात गेल्या.
मुळ्याचा पाला धपाट्यांच्या पिठात
इतका बारीक चिरला की त्याला कळलाच नाही;
कळला तेव्हा तिसरं धपाटं संपलं होतं.
मऊ पडलेली टमाटी येसराच्या आमटीत.
मोसंबी खालून काढून
त्याच्या मोबाइलच्या चार्जरशेजारी ठेवली, सोलून.
स्क्रीनवरची नजर न काढता
तो एकेक फोड तोंडात टाकत राहिला.

बाजारातही चार चौघांत वाईटपणा घेतला.
"दहाला दोन."
"एकच द्या, पाचला."
माळीणबाईनं माझ्याकडं असं बघितलं
जसं मी तिच्या जुडीचा जोडा मोडला.

आणि दोडके हरलेच.
दोनदा ठरवलं, दोनदा पाहुणे,
शेवटी हातात घेतले तर आत नुसत्या जाळ्या.
कारलं पिवळं पडून हसत होतं.
कप्पा अजून पूर्ण माणसाळलेला नाही.

पण परवाचा शनिवार.
घंटा वाजली, मी खाली गेले.
एका हातात टोपलं, शेळीसाठी,
वाटाण्याची टरफलं, मोसंबीच्या साली नाहीत,
त्या ती खात नाही, हे आता मला माहीत आहे.
दुसऱ्या हातात काळी पिशवी, एकच गाठ.

पदमीनबाईनं ती तोलली.
परत तोलली.
माझ्या तोंडाकडं बघितलं, जरा काळजीनं.
"ताई, गावाला गेल्ता काय?"

"नाही वो," म्हटलं,
"घरीच होतो.
जेवत होतो."