खडू

पोलिओचा रविवार झाला की तीन दिवस
मी घरोघर फिरते. भिंतीवर खडूनं
लेकरं किती, डोस किती, तारीख.
धारूरच्या डोंगरपट्ट्यात माझं अक्षर नाही
असं दार सापडायचं नाही.

पावसाळ्यात रांजणात टॉर्च मारते.
लोक हसतात. बाई, पाणी नितळ तर आहे.
नितळ पाण्यातच होतात अळ्या,
मी म्हणते, अन् रांजण उपडा करते.

प्रांजलच्या घरी मात्र टॉर्च मारला नाही.
टोळी गेली, मायबाप कर्नाटकात,
पोरगी नात्यातल्यांकडं. नितळ घर.
डिसेंबरात वजन दीड किलोनं उतरलं,
मी जंताची गोळी दिली.
जानेवारीत अंथरूण ओलं. नऊ वर्षांची पोर.
मी म्हटलं, थंडी आहे.
फेब्रुवारीत ती शाळा सुटली तरी घरी जाईना,
खिचडीच्या विझल्या चुलीपाशी बसून राहायची.
कौसाबाईनं विचारलं तिला.
भांडी घासता घासता. मी नाही.

पुढचं सांगणार नाही. ते तिचं आहे.
माझं एवढंच, की रजिस्टरात
वजन, दंडाचा घेर, गोवर एक, गोवर दोन,
तीन महिने प्रत्येक रकान्यात
मी खरं तेच लिहिलं होतं.

डॉक्टरांना म्हटलं, एक रकाना वाढवा.
म्हणाले, फॉर्म वरून येतो, कालिंदाताई.

म्हणून औंदा समासात शिसपेन्सिलनं.
दसऱ्याआधीच निघाले, कोयत्यांना धार लागत होती,
डोसाला लावते तोच सूर लावला:
लेकरू कुणापाशी ठेवता? निजंल कुठं?
दाराला आतून कडी आहे का?
भ्यालं तर पळत कुणाकडं जाईल?
तुम्ही नका सांगू, त्याला सांगू द्या.

एक मुकादम म्हणाला, आमचीच माणसं हायेत, तुला काय करायचंय?
एकीनं भाकरी थापता थापता हात थांबवला,
दार लोटून घेतलं.
तिचं स्वतःचंच निघालं. बावीस वर्षांचं.
तव्यावरची भाकर कोळसा झाली
तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.

हंगामी वसतिगृहात सत्तावीस लेकरं बसवली.
चौदा राहिली.
चौदा दारं, दर मंगळवारी.
या डोसाला करंगळीवर लावायची शाई नाही,
भिंतीवर काय लिहावं, कळत नाही.
खडू मुठीत ओला होतो.

काल एका दारावर थाप मारली.
आतून बारीक आवाज, कोण?
मी नाव सांगितलं.
थांबा, आधी शेजारच्या मावशीला हाक मारतो,
म्हणालं,
अन् कडी काढली नाही.