दुभाषा

मला अरबी येते ती मासळीबाजाराची :
सुरमई, बर्फ, उधारी, उद्या.
तेवढ्या भांडवलावर सोहारच्या तुरुंगात
दर गुरुवारी मी डॉक्टरांच्या डाव्या हाताला उभा असतो.

शोशाम्मा सिस्टर दंडाला रबर आवळते.
नळीवर नाव नसतं, आकडा असतो.
"मूठ वळ," मी सांगतो, बंगालीत, उर्दूत;
थंगराजला नुसती वळून दाखवतो.
त्याच्या मनगटावर बायकोचं नाव, इथेच गोंदलेलं,
ज्या सुईनं बराकीतल्या अकरा जणांच्या बायका गोंदून झाल्या
त्याच सुईनं.
डॉक्टरांनी सुईचं विचारलं. मी ऐकलंच नाही.
त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

आमच्या हर्णैला कावीळ उतरवायचे
चुन्याच्या पाण्यात हात धुऊन.
पाणी पिवळं झालं की आई म्हणायची, गेली बघ.
इथे पंधरा दिवस थांबायचं. मग कागद येतो.

कागदावर शब्द असतो : ईजाबी.
तो मी वकिलाच्या तोंडून ऐकलेला,
चेकवाला तडजोडीला तयार होता, त्या दिवशी.
चांगला शब्द.
मोफज्जलला मी सांगितलं, "तुझं रक्त हो म्हणतंय."
"कशाला?" त्यानं विचारलं.

मरेन का, हे कुणी आधी विचारत नाही.
आधी : घरी कळेल?
मग : परत पाठवतील?
हे दुसरं विचारताना मोफज्जलच्या डोळ्यांत
भीती होती की आशा,
मला अजून लावता येत नाही.
डॉक्टर म्हणाले, पाठवणं माझ्या हातात नाही.
गोळी माझ्या हातात आहे, रोज एक, जन्मभर.
पहिलं वाक्य मी हळू सांगितलं.
दुसरं दोनदा.

परवा चारशे सतरा पुकारला. तो मीच.
डॉक्टर नेहमीसारखे माझ्याकडे बघून बोलले :
कावीळ, सी जातीची. बारा आठवडे गोळ्या.
बहुतेक सगळे बरे होतात.
आणि मी सवयीनं मागे वळून पाहिलं,
हे कुणाला सांगायचंय ते.
बाकावर कुणी नव्हतं.

शिक्षा अकरा महिने उरलीय.
तिच्याआधी संपेल असं
पहिल्यांदाच काहीतरी मिळालं.

संध्याकाळी थंगराजनं लांबूनच
मूठ वळून दाखवली, भुवया उंचावून.
मी माझी उघडली.
आत पहिल्या गोळीचं वेष्टन होतं,
चंदेरी, घामानं चिकटलेलं.