खारशेत, फलाट क्रमांक दोन

फलाटाच्या लाद्यांवर दर माघात
पांढरा फुलोरा येतो.
साहेब म्हणतात, सिमेंट निकृष्ट.
ठेकेदाराला दोन नोटिसा गेल्या.

हसुराम कडू झाडू मारतो, बोलत नाही.
माझ्या तिकीटखिडकीखाली त्याची तापवणी होती,
जिन्यापाशी उघाडी,
आणि इंडिकेटर लटकतो तिथे
त्याचा बाप उभा राहून भरतीची वेळ सांगायचा,
मनगटावर काही नसताना.

तीन कोंड्या गेल्या सात-बाऱ्यावरून.
नोकरी पोराच्या नावे लिहिली होती;
पोरगा खाडीपलीकडे गेला,
नोकरी बापाला आली, तीही ठेक्यावर.

पाटीवर शेजारच्या गावाचं नाव लागलं तेव्हा
बायका अख्खा दिवस रुळांवर बसल्या.
गाडी अजून सुरूच व्हायची होती,
कुणाचा खोळंबा झाला नाही.
पाटी बदलली. तिरप्या उन्हात
रंगाखालचं नाव अजून वाचता येतं.

सहा-बारा सुटली
की हसुराम वाकतो,
लादीवरून बोट फिरवतो, जिभेला लावतो.
एकदा मी खिडकीतून विचारलं, काय हो?
म्हणाला,
"कच्चाच हाय अजून.
आठ दिस ऊन पायजे."